म्हाताऱ्या बियांना समुद्राचा रस

खजूर खाताना त्यातली बी तुम्ही कितीदा तरी थुंकून टाकली असेल. तशाच एका बीची ही गोष्ट. फरक एवढाच, की ही बी कुणीतरी टाकली होती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी!

इस्रायलमध्ये मृत समुद्राजवळ मसादा नावाचा जुना डोंगरी किल्ला आहे. १९६३ ते १९६५ या काळात तिथे उत्खनन झालं आणि मातीतून खजुराच्या काही बिया निघाल्या. त्यांची नोंद झाली आणि पुढची चाळीसेक वर्षं त्या एका विद्यापीठात नुसत्या पडून राहिल्या. मग सारा सॅलन नावाच्या डॉक्टरबाईंच्या मनात आलं, ‘या लावून पाहिल्या तर?’ त्यांनी तीन बिया एलेन सोलोवे यांच्याकडे दिल्या. सोलोवेबाई अरावा वाळवंटातल्या केतुरा या वस्तीत झाडांवर काम करतात.

एवढ्या म्हाताऱ्या बीला जागं करायचं तरी कसं? सोलोवेबाईंनी बिया आधी गरम पाण्यात भिजवून मऊ केल्या. मग झाडांची वाढ घडवून आणणाऱ्या रसायनांच्या पाण्यात ठेवल्या. या रसायनांना संप्रेरकं म्हणतात. त्यानंतर समुद्री शेवाळापासून बनवलेल्या खताच्या पाण्यात बुडवल्या. जानेवारी २००५ मध्ये तिन्ही बिया कुंड्यांत लावल्या. काही आठवडे गेले, आणि एका कुंडीतून चक्क कोंब वर आला!

रोप दुसऱ्या कुंडीत हलवताना त्याच्या मुळांना बीच्या कवचाचे बारीक तुकडे चिकटलेले दिसले. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यांचं वय मोजलं, तर ते खरंच दोन हजार वर्षांच्या आसपास निघालं. रोपाचं नाव ठेवलं मथुशलह. बायबलमधले हे आजोबा म्हणे ९६९ वर्षं जगले होते! पुढे त्याच भागातल्या आणखी ३२ जुन्या बिया लावल्या, त्यातल्या सहा उगवल्या. त्यातली एक ‘हॅना’. खजुरात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. मथुशलहचे परागकण हॅनाच्या फुलांवर टाकले आणि २०२० मध्ये तिला खजूर लागले.

गोष्ट झकास आहे, नाही? पण एक प्रश्न सुटत नाही. त्या बीला जागं केलं कुणी? गरम पाण्याने? संप्रेरकांनी? शेवाळाच्या खताने? की वाळवंटाच्या कोरड्या हवेनेच तिला इतकं छान जपलं होतं, की नुसतं पाणी घातलं असतं तरी ती उगवली असती? बिया होत्या तीन, आणि उपचार केले एकामागून एक. मग श्रेय कुणाला द्यायचं?

आज आपण या सगळ्यांतल्या एकाचीच नीट चौकशी करू. समुद्री शेवाळाची. कारण हे शेवाळ आता फक्त दोन हजार वर्षांच्या बियांसाठी वापरत नाहीत. गेल्या वर्षीच्या, पोत्यात ठेवलेल्या साध्यासुध्या बियाण्यालाही त्याचा रस लावून पाहतात.

पोत्यातलं बी गुपचूप काय करत असतं?

वाण्याच्या दुकानातलं मुगाचं पोतं बघा. हजारो दाणे, हूं की चूं नाही. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक दाणा जिवंत आहे. आत एक इवलासा गर्भ आहे, त्याच्यासाठी अन्नाचा साठा आहे आणि बाहेरून साल आहे. तो दाणा श्वाससुद्धा घेतो, पण इतका सावकाश की आपल्याला पत्ता लागत नाही. हवेतला थोडासा ऑक्सिजन आत घ्यायचा, साठ्यातलं थोडंसं अन्न जाळायचं आणि पावसाची वाट बघत बसायचं.

किती दिवस वाट बघता येते? विल्यम बील नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांना हाच प्रश्न पडला होता. १८७९ मध्ये त्यांनी मिशिगनमध्ये २० बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीत २१ प्रकारच्या झाडांच्या पन्नास पन्नास बिया ओलसर वाळूत मिसळून भरल्या आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि बिया लावून बघायच्या! बील गेले, पण प्रयोग चालूच आहे. बाटल्या कुठे पुरल्यात ते मोजक्या लोकांनाच ठाऊक असतं. उकरायला जातात तेही अंधारात, कारण उजेड लागला तर बिया वेळेआधीच जाग्या व्हायच्या. २०२१ मध्ये एक बाटली काढली. एकशे चाळीसहून जास्त वर्षं मातीत काढून वीस बिया उगवल्या! त्या जवळजवळ सगळ्या एका रानफुलाच्या होत्या. बाकीचे बहुतेक प्रकार केव्हाच संपले होते. पुढची बाटली २०४० मध्ये निघणार आहे. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल, करा हिशेब.

म्हणजे प्रत्येक जातीच्या बीचं आयुष्य वेगळं. कांद्याचं बी फार नाजूक, साध्या घरगुती साठवणीत वर्षभरातच ते कमजोर व्हायला लागतं. सोयाबीनचीही तीच तऱ्हा. गहू-ज्वारी त्यामानाने चिवट.

गणंग, म्हातारं आणि मेलेलं

मटकी भिजत घातली की सगळे दाणे टम्म फुगतात. दोनचार मात्र तस्सेच राहतात, खड्यासारखे टणक. उसळ खाताना दाताखाली आले की ‘कट्’! त्यांना गणंग म्हणतात, हे आजीकडून ऐकलंच असेल.

गणंग दाणा मेलेला असतो का? छे! त्याची साल इतकी घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. कच्चा गणंग दाणा पॉलिशपेपरवर हळूच घासा आणि पुन्हा भिजत घाला. बहुतेक वेळा तोही फुगतो आणि मोड येतो. चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मातीतून कमळाच्या सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या बिया निघाल्या आणि उगवल्या. त्यांचं दीर्घायुष्य बरंचसं याच टणक सालीमुळे.

तर, न उगवणाऱ्या बिया तीन तऱ्हेच्या असतात. पहिली गणंग, म्हणजे आत ठणठणीत, फक्त दार बंद. दुसरी म्हातारी, म्हणजे जिवंत पण थकलेली. ती उशिरा उगवते, वाकडीतिकडी उगवते, कधी अर्ध्यावरच थांबते. आणि तिसरी मेलेली. या तिसरीला जगातला कुठलाही रस उठवू शकत नाही. गणंगाला घासायला पॉलिशपेपर पुरतो. शेवाळाचा रस कामी येऊ शकतो तो फक्त दुसरीसाठी, म्हाताऱ्या बीसाठी.

बी म्हातारं होतं म्हणजे नक्की काय होतं?

बीच्या आत लाखो पेशी असतात. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा एक पातळ पडदा असतो. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं, हे त्याचं काम. साठवणीच्या काळात ऑक्सिजन या पडद्यावर हळूहळू हल्ला करत राहतो. जुने शेंगदाणे खवट लागतात ना, तेही ऑक्सिजननेच तेल बिघडवल्यामुळे. म्हणूनच सोयाबीन, भुईमूग अशी तेलाची बियाणी लवकर म्हातारी होतात. पडद्यांना भोकं पडतात, पेशींची यंत्रं गंजतात आणि गर्भाची सगळी माहिती ज्यात लिहिलेली असते तो डीएनएसुद्धा जागोजागी तुटतो.

कोरड्या बीला ही मोडतोड दुरुस्त करता येत नाही, कारण दुरुस्तीला पाणी लागतं. आणि गंमत म्हणजे खरा धोका पाणी मिळतं तेव्हाच असतो! कौलारू घराचं बघा. मे महिन्यात फुटकी कौलं बदलून घेतली तर मृगाचा पाऊस खुशाल येऊ दे. पण कौलं तशीच राहिली आणि पहिल्याच रात्री धो धो कोसळला, तर घरभर पातेली मांडत बसावं लागतं. म्हाताऱ्या बीचं असंच होतं. पाणी धाडकन आत शिरतं, पडदे अजून शिवून झालेले नसतात आणि आतली साखर, क्षार बाहेर वाहून जातात.

हे तुम्हाला डोळ्यांनीही बघता येईल. एका पेल्यात ताजं बी आणि दुसऱ्यात खूप जुनं बी रात्रभर भिजवा. पुष्कळदा जुन्याचं पाणी जास्त गढूळ दिसतं. प्रयोगशाळेत तर त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. वीज जितकी जास्त वाहील तितके क्षार बाहेर आलेले, म्हणजे बी तितकं थकलेलं.

शास्त्रज्ञांकडे आणखी एक मजेशीर युक्ती आहे. बी म्हातारं होईपर्यंत वर्षभर कोण थांबणार? मग ते सोयाबीन ४१ अंश सेल्सिअस तापमानात, अगदी दमट डब्यात ७२ तास ठेवतात. तीन दिवसांत बी म्हातारं! त्यातूनही जे नीट उगवतं ते दमदार बियाणं.

पेरायचं की नाही?

तुम्ही म्हणाल, नाही उगवले चार दाणे तर काय बिघडलं? शेतकऱ्याला विचारा. आपल्याकडे सोयाबीन काढतात ऑक्टोबरच्या आसपास आणि पेरतात जूनमध्ये. मधले आठेक महिने बियाणं पोत्यात असतं, आणि त्यातच येतो आपला रणरणता एप्रिल-मे. सोयाबीनची साल पातळ, तिच्या लगेच खाली गर्भ. पोतं उंचावरून आपटलं तरी त्याला इजा होते. अशा बियाण्याची पेरणी केली आणि ते उगवलंच नाही, तर दुबार पेरणी. म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि पावसाचे दिवस गेले ते वेगळेच.

म्हणून कृषी खातं सांगतं, पेरणीआधी घरच्या घरी उगवण तपासा. पोत्यातले न निवडता शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं. आठवडाभराने उघडून मोजायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले असतील तर बियाणं पेरायला योग्य. कमी आले तर बियाणं जास्त वापरायचं, आणि फारच कमी आले तर दुसरं बघायचं.

पण मुळात बी म्हातारं होऊ नये म्हणून काय करायचं? जेम्स हॅरिंग्टन या शास्त्रज्ञांचा एक सोपा ठोकताळा आहे. बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान पाचेक अंशांनी उतरवलं की पुन्हा साधारण दुप्पट. आता गणित करा. ओलावा १४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला, म्हणजे चार वेळा दुप्पट. दोन, चार, आठ, सोळा. सोळापट आयुष्य, तेही नुसतं नीट वाळवून!

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर डोंगराच्या पोटात २००८ मध्ये सुरू झालेलं बियांचं कोठार आहे. तिथे उणे १८ अंशांत जगभरातलं बियाणं ठेवलंय. तत्त्व तेच, कोरडं आणि थंड. आपल्या आज्या-पणज्या बियाण्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालत. राख ओल शोषते, किड्यांना त्रास देते, पाल्याने कीड दूर राहते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी तर गावरान वाणांची आख्खी बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एवढं करूनही काही बियाणं थकतंच. अशा वेळी समुद्राकडे वळायचं.

ना मूळ, ना खोड

कोकणात किंवा गोव्यात ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरलात तर शेवाळ भेटेलच. पोपटी, पातळ, झुळझुळीत पानांचं असेल तर ते उल्वा. तपकिरी, आणि फांदीला मण्यांएवढे हवेचे फुगे असतील तर सरगॅसम. हे फुगे फोडायला मजा येते.

शेवाळाला खरं मूळ नसतं. खडकाला घट्ट धरून ठेवणारा एक पंजा असतो, बस्स. अन्नपाणी ते सगळ्या अंगाने शोषतं. आणि राहतं कुठे? दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. आत्ता पाण्यात, थोड्या वेळाने उन्हात उघडं. वर खारटपणा! अशा ठिकाणी टिकायचं तर पेशी कोरड्या पडू नयेत, पडदे फाटू नयेत, याची सोय अंगातच असावी लागते. म्हणून बऱ्याच शेवाळांत बीटेन किंवा मॅनिटॉल असली, पेशींना तगवून धरणारी द्रव्यं असतात. शिवाय पोटॅशियम, इतर खनिजं, चिकट शर्करा आणि अगदी किंचितशी संप्रेरकं.

शेतीला शेवाळ नवं नाही. आयर्लंडजवळच्या अरान बेटांवर नुसता खडक होता. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळू आणि शेवाळाचे थर रचून शेतासाठी माती तयार केली! पण ओलं शेवाळ जड. ते समुद्रापासून दूर कोण वाहून नेणार? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला तागाची टंचाई भासली, तेव्हा शेवाळापासून धागा काढायचे प्रयत्न झाले. त्याच कामातून रेजिनाल्ड मिल्टन यांना शेवाळ पातळ करायची रीत सापडली. धाग्याचं जाऊ द्या, पण शेवाळाचं पातळ खत बाटलीत भरता येऊ लागलं.

आपल्याकडे हे काम चालतं तामिळनाडूत. रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बचत गटांतल्या बायका बांबूच्या तराफ्यांना कप्पाफायकस नावाच्या शेवाळाचे तुकडे बांधतात आणि तराफे उथळ समुद्रात सोडतात. साधारण ४५ दिवसांत तोडणी. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने यातून दुहेरी फायदा काढायची पद्धत शोधली. ताजं शेवाळ चिरडून पिळायचं. रस निघतो तो शेतीसाठी आणि चोथ्यापासून मिळतं कॅराजिनन. आइस्क्रीम आणि चॉकलेटचं दूध दाट करायला हेच कॅराजिनन घालतात. एक सावधगिरी मात्र हवी. हे शेवाळ मूळचं आपलं नाही, आणि मन्नारच्या आखातात ते काही ठिकाणी प्रवाळांवर पसरलेलंही आढळलं आहे. म्हणून ते कुठे लावायचं याकडे लक्ष ठेवावं लागतं.

शास्त्रज्ञ सूक्ष्म शेवाळांचाही रस काढून बघतात. त्यात स्पिरुलिना येतं. ते उघड्या डोळ्यांना एकेकटं दिसत नाही. आपल्या लोणारच्या खाऱ्या सरोवराच्या हिरव्या रंगात त्याचाही वाटा आहे.

बी आणि रस यांची भेट

आता खरी गंमत. म्हातारं बी शेवाळाच्या पातळ रसात काही तास ठेवायचं. मोड दिसायच्या आत बाहेर काढायचं. सावलीत पसरून पुन्हा सुकवायचं, आणि मग पेरायचं. का बरं? कारण भिजण्याच्या त्या काही तासांत बीच्या आत दुरुस्ती सुरू होते. पडदे पुन्हा जुळतात, तुटलेला डीएनए सांधला जातो. कोंब अजून बाहेर आलेला नसल्यामुळे बी परत सुकवलं तरी चालतं. झालेली दुरुस्ती वाया जात नाही.

हे नुसत्या पाण्यातही होतं, हं! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग रस जास्तीचं काय करत असेल? शास्त्रज्ञांच्या मते त्याची कामं तीन. एक, त्यातली द्रव्यं ऑक्सिजनच्या हल्ल्याला आवर घालायला मदत करतात. दोन, पोटॅशियमसारखी खनिजं आणि बीटेन पेशींतलं पाणी सांभाळायला मदत करतात. आणि तीन, संप्रेरकं.

संप्रेरकांची एक गोष्ट ऐकाच. जपानी भातशेतीत कधीकधी काही रोपं उगाच उंचच उंच वाढायची, किडकिडीत व्हायची आणि कोलमडायची. १९२६ मध्ये इइची कुरोसावा यांनी दाखवलं, की एक बुरशी काहीतरी द्रव्य सोडते आणि त्यामुळे असं होतं. त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन नाव मिळालं. नंतर कळलं, की झाडंसुद्धा स्वतःसाठी जिबरेलिन बनवतात. गव्हाचा दाणा भिजला की आतला गर्भ जिबरेलिन सोडतो. तो निरोप पोहोचतो दाण्याच्या सालीखालच्या थरापर्यंत. तिथे विकरं नावाची रसायनं तयार होतात आणि साठ्यातल्या पिठाची साखर करायला लागतात. खरं वाटत नाही? मोड आलेला गहू चावून बघा, गोडसर लागतो. बाळाच्या नाचणीसत्त्वासाठी आई नाचणीला मोड आणते, तेव्हाही हेच घडतं.

म्हाताऱ्या बीत असे निरोप कमी पडतात. शेवाळाच्या रसातली किंचितशी संप्रेरकं तिथे हात देतात. म्हणून अशा पदार्थांना जैव-उत्तेजक म्हणतात. खत अन्न पुरवतं. जैव-उत्तेजक अन्न फारसं पुरवत नाही, तो बीला स्वतःचं काम नीट करायला मदत करतो.

जास्त घातलं तर जास्त उगवेल?

इथेच बहुतेक जण फसतात. देशोदेशींच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पातळ रस फायद्याचा, घट्ट रस तोट्याचा. समुद्राचे क्षार जास्त झाले की बीला पाणी शोषणं अवघड जातं, आणि संप्रेरकं जास्त झाली तर उगवण अडते. किती पातळ, किती तास, कोणतं शेवाळ, कोणतं बी, याची उत्तरं प्रत्येक पिकाला वेगळी. सोयाबीन तर तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवणंही बरं नव्हे, त्याची साल पटकन फाटते.

बाजारात मात्र ‘दुप्पट उगवण’, ‘चमत्कारी रस’ अशा जाहिरातींची रेलचेल. म्हणून भारत सरकारने २०२१ मध्ये जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणलं. काय घातलंय ते सांगा, उपयोग होतो याचा पुरावा द्या, मग विका!

आणि पुरावा कसा मिळवायचा, ते तुम्हीही शिकू शकता.

चला, चौकशी करू या

साहित्य अगदी साधं. एकदोन वर्षांपूर्वीचं कांद्याचं बी, ते नसेल तर डब्याच्या तळाशी राहिलेली जुनी मेथी. बियाणं गुलाबी किंवा निळ्या रंगाने माखलेलं असेल तर ते घेऊ नका, त्याला कीडनाशक लावलेलं असू शकतं. कृषी सेवा केंद्रातून समुद्री शेवाळाच्या अर्काची छोटी बाटली मोठ्या माणसांकडून आणवा. हातमोजे घाला.

पन्नास पन्नास बियांचे चार गट करा. निवडून घ्यायचं नाही, हाताला येतील त्या घ्या.

पहिला गट कोरडाच ठेवा.

दुसरा गट साध्या पाण्यात भिजवा.

तिसरा गट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ केलेल्या अर्कात भिजवा.

चौथा गट त्याच्या दहापट घट्ट अर्कात.

भिजवायचे तीन गट एकाच वेळी भिजत घाला आणि एकाच वेळी काढा, पाचसहा तास पुरेत. नंतर ते रात्रभर सावलीत सुकवा. सकाळी चारही गट ओल्या सुती कापडावर मांडा, गुंडाळा आणि एकाच जागी ठेवा. पाणी सगळ्यांना सारखं.

दुसरा गट कशाला, असा प्रश्न पडला असेल तर मथुशलहची भानगड पुन्हा एकदा वाचा. तिसऱ्या गटाची तुलना नुसत्या कोरड्या बियांशी केली आणि तो जिंकला, तर कौतुक शेवाळाचं की पाण्याचं? पाण्याचा गट शेजारी असेल तरच ते कळतं.

आणखी एक चलाखी. गुंडाळ्यांवर ‘पाणी’, ‘शेवाळ’ असं लिहू नका. अ, ब, क, ड लिहा आणि कोणता काय ते ताईला किंवा दादाला कागदावर लिहून लपवून ठेवायला सांगा. नाहीतर ‘शेवाळवालं जिंकू दे’ असं मनात असलं की अर्धवट कोंबसुद्धा पूर्ण दिसायला लागतो!

रोज ठरावीक वेळी मोजा. मेथीला आठवडा पुरे, कांद्याला दहाबारा दिवस द्या. शेवटची बेरीज महत्त्वाची आहेच, पण कोण लवकर उगवलं तेही लिहा. शेतात दोन दिवस आधी उगवणाऱ्या रोपाला त्याचा मोठा फायदा मिळतो. पावसाने मातीवर कडक पापडी धरायच्या आत ते वर येतं, आणि तण वाढायच्या आत ते जम बसवतं.

शेवटी लपवलेला कागद उघडा. पाण्याच्या गटात ३१ आणि शेवाळाच्या गटात ३३ उगवले, तर नाचू नका. एवढा फरक नशिबानेही पडतो. पुन्हा करून बघा, शाळेतल्या पाचसहा जणांनी मिळून केलंत तर फारच छान. दरवेळी शेवाळाचा गट ठळकपणे पुढे राहिला तर ते खरं. पाण्याने शेवाळाची बरोबरी केली तर तेही वहीत तसंच लिहा, कारण ज्या शेतकऱ्याच्या बियाण्याला नुसतं पाणी पुरतं त्याचे बाटलीचे पैसे वाचले!

उरलेला पातळ अर्क कुंडीतल्या झाडांना घाला. उगवलेल्या मेथीतली कोरड्या गटाची रोपंसुद्धा भाजीत टाकू नका, सगळी एकाच जागी हाताळलेली आहेत. मातीत लावून टाका. आणि चारही गटांचे आकडे आम्हाला पत्राने कळवा, चौथ्या गटाचे तर नक्कीच.